आचाऱ्याची यादी आणि ‘@ऑटोवायर्ड’

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : ‘स्प्रिंगमध्ये @कॉम्पोनंट आणि @सर्व्हिस यांत फरक काय?’ त्याचे उत्तरही ठरलेले आहे. चार ओळींचे, इंग्रजीतले, आदल्या रात्री पाठ केलेले. विचारणारा मान डोलावतो, सांगणारा सुटतो. पण त्याच विद्यार्थ्याला एक पाऊल पुढे जाऊन विचारा, ‘बाबा रे, ज्या क्लासवर तू ही खूण लावलीस त्याचे ऑब्जेक्ट तयार कोणी केले? केव्हा केले? एक केले की दहा?’ तो जरा हसतो आणि म्हणतो, ‘ते स्प्रिंग आपोआप करते. जादूच आहे ती.’

माझी तक्रार या ‘जादू’ शब्दाविषयी आहे.

आपल्या विभागात येणारी पुष्कळ मुले खानापूर, चंदगड, चिकोडीकडच्या खेड्यांतली असतात. दहावीपर्यंत त्यांचे माध्यम मराठी किंवा कन्नड. ही मुले तर्कात कच्ची नसतात. उलट हिशेब आणि व्यवहार त्यांना शहरी मुलांपेक्षा लवकर कळतो असे मला वाटते. पण वर्गात एखादी गोष्ट ‘आपोआप होते’ म्हणून सांगितली, की शहरातला मुलगा खांदे उडवून पुढे जातो आणि खेड्यातला मुलगा मनाशी म्हणतो, ‘हे मला कळत नाही, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे.’ पुढे तो पुण्याला किंवा बंगळुरूला कामाला लागतो. एके रात्री प्रोग्राम सुरूच होत नाही, पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळींमागून ओळी येतात, आणि ज्याने सर्व काही जादू म्हणून मान्य केले आहे त्याला त्या ओळी वाचण्याचा धीरच होत नाही. वास्तविक त्या ओळींत काय चुकले ते बहुधा स्पष्ट लिहिलेले असते.

म्हणून ही जादू उलगडून पाहावी म्हणतो. तिच्यात आपल्याकडच्या कोणत्याही लग्नघरात नसेल असे काहीही नाही.

एक ग्रंथालयाचा प्रोग्राम घ्या. पुस्तकांची देवघेव करणारा एक क्लास आहे. त्याला सभासदांची नोंद पाहावी लागते, पुस्तक जागेवर आहे की नाही हे पाहावे लागते आणि उशीर झाल्यास दंड काढावा लागतो. ही तीन कामे करणारे तीन निराळे क्लास आहेत. त्यांच्यावाचून देवघेवीचे अडते. या अडण्याचेच नाव ‘डिपेंडन्सी’. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे देवघेवीच्या क्लासमध्येच ‘न्यू’ लिहून ती तिन्ही ऑब्जेक्टे तयार करणे. पहिल्या वर्षाला आपण सगळे तसेच करतो. अडचण पुढे येते. दंडाचा हिशेब बरोबर आहे का एवढेच तपासावयाचे असले तरी खरा डेटाबेस चालू करावा लागतो, कारण देवघेवीने तो स्वतःच्या हाताने आत गाडून ठेवलेला असतो. दंडाचा नियम बदलला तर देवघेवीचा क्लास उघडावा लागतो.

आता लग्नघराकडे या. आचारी ठरवला की पहिल्या भेटीत तो काय करतो? यादी देतो. तांदूळ इतके, तूरडाळ इतकी, तेल, गूळ, मोठी पातेली, झारे, उलथणी. सामान यजमानाने आणावयाचे. आचारी स्वतः बाजारात जात नाही. तांदूळ कोणत्या दुकानातून आला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तांदूळ पाहिजे एवढे त्याने सांगितले आहे. यजमानाने उद्या दुकान बदलले तरी आचाऱ्याला काही बदलावे लागत नाही. आणि आचाऱ्याची परीक्षाच घ्यावयाची असेल तर पाव शेर तांदूळ आणि घरातले पातेले देऊनही घेता येते. त्यासाठी लग्न काढावे लागत नाही.

‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ म्हणतात ते हेच. आचारी म्हणजे आपला क्लास, यादी म्हणजे त्याचा कन्स्ट्रक्टर, आणि सामान गोळा करून वेळेवर हातात देणारा यजमान म्हणजे स्प्रिंगचा कंटेनर. ‘इंजेक्शन’ हा शब्द ऐकून दवाखाना आठवतो खरा. ते नाव मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी 2004 च्या लेखाने रूढ केले, कारण आधीचे ‘इन्व्हर्शन ऑफ कंट्रोल’ हे नाव फारच मोघम होते. नावाने बिचकण्याचे कारण नाही.

स्प्रिंग कसे जन्मले हेही ठाऊक असावे. जावामध्ये मोठ्या कचेऱ्यांचे प्रोग्राम लिहिण्यासाठी 1998 साली ‘एंटरप्राइझ जावा बीन्स’ नावाची पद्धत आली. त्या पद्धतीत साध्या कामासाठीही एका क्लासच्या जोडीला आणखी दोन इंटरफेस आणि एक एक्स्-एम्-एल् फाइल लिहावी लागे, आणि ते चालते का हे पाहावयास भलामोठा सर्व्हर चालू करावा लागे. रॉड जॉन्सन यांनी 2002 साली पुस्तक लिहून या पसाऱ्यावर टीका केली आणि नुसती टीका न करता सुमारे 30,000 ओळींचा प्रोग्रामही सोबत दिला. युर्गन होलर आणि यान कारॉफ या वाचकांनी तो प्रोग्राम सर्वांसाठी खुला करण्याचा आग्रह धरला. नाव सुचवले कारॉफ यांनी : जुन्या पद्धतीचा हिवाळा संपून आलेला वसंत, म्हणून ‘स्प्रिंग’. मार्च 2004 मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली.

त्या आवृत्तीत ॲनोटेशने नव्हती. कोणाला काय द्यावयाचे हे एक्स्-एम्-एल् फाइलमध्ये लिहीत. फाइल वाढत गेली, क्लासचे नाव बदलले की फाइलमधले जुने नाव तसेच राही, आणि ही चूक प्रोग्राम चालू केल्यावरच कळे. दरम्यान 2004 सालीच जावाच्या पाचव्या आवृत्तीत ॲनोटेशन लिहिण्याची सोय झाली. स्प्रिंगने ती हळूहळू उचलली. 2006 च्या दुसऱ्या आवृत्तीत @रिपॉझिटरी आले, आणि नोव्हेंबर 2007 च्या 2.5 या आवृत्तीत @कॉम्पोनंट, @सर्व्हिस, @कंट्रोलर आणि @ऑटोवायर्ड. म्हणजे वहीत वेगळी यादी ठेवण्याऐवजी प्रत्येक डब्यावरच चिठ्ठी चिकटवण्याची पद्धत सुरू झाली.

चिठ्ठी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ॲनोटेशन स्वतः काहीही करीत नाही. ‘साखर’ असे लिहिलेली चिठ्ठी डब्यावर लावल्याने डब्यात साखर येत नाही. कोणीतरी चिठ्ठी वाचून डबा उचलावा लागतो. वाचणारा आहे स्प्रिंगचा कंटेनर. प्रोग्राम सुरू होताच तो आपण सांगितलेल्या पॅकेजमधले क्लास चाळतो आणि ज्यावर @कॉम्पोनंटची किंवा तिच्या भाऊबंदांची चिठ्ठी आहे त्यांची नोंद करतो. मग कोणाला कोण लागतो हे पाहून, आधी लागणारे आधी या क्रमाने ऑब्जेक्टे तयार करतो. निराळे काही सांगितले नसेल तर प्रत्येक नोंदीमागे एकच ऑब्जेक्ट करतो आणि तेच सर्वांना देतो. एवढेच घडते. यातले प्रत्येक पाऊल आपल्यापैकी कोणीही फळ्यावर काढून दाखवू शकेल.

एवढे कळले की नेहमीच्या अडचणी अर्ध्या सुटतात. गेल्या वर्षी शेजारच्या एका गटाच्या प्रकल्पात एक क्लास स्प्रिंगला सापडेचना. चिठ्ठी तर डोळ्यांसमोर होती. क्लास ज्या पॅकेजात होता ते मुख्य क्लासच्या पॅकेजाच्या बाहेर पडले होते, आणि स्प्रिंग बूट मुख्य क्लासच्या पॅकेजापासून खालीच शोधतो. घराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवलेला डबा यजमानाला स्वयंपाकघरात कसा दिसावा? दुसरी अडचण त्याहून नेहमीची. क्लासवर चिठ्ठी आहे, आतल्या फील्डवर @ऑटोवायर्ड आहे, पण ऑब्जेक्ट मात्र कोणीतरी स्वतः ‘न्यू’ लिहून केलेले आहे. फील्ड रिकामे राहते आणि ‘नल पॉइंटर’ची आरोळी उठते. कंटेनरने केलेल्या ऑब्जेक्टालाच कंटेनर सामान पुरवतो. आपण परस्पर बोलावलेल्या आचाऱ्याची जबाबदारी यजमानाने का घ्यावी?

आणि तो @सर्व्हिसचा सुप्रसिद्ध प्रश्न! @सर्व्हिसच्या व्याख्येवरच @कॉम्पोनंटची चिठ्ठी लावलेली आहे; स्प्रिंगच्या दृष्टीने दोहोंत आजही काही फरक नाही. @रिपॉझिटरीचे तसे नाही, डेटाबेसच्या निरनिराळ्या चुकांचे स्प्रिंगच्या एका ठरीव भाषेत रूपांतर करण्याची सोय तिच्याशी जोडलेली आहे. @कंट्रोलर पाहून वेबच्या विनंत्या कोठे पाठवावयाच्या ते ठरते. @सर्व्हिस हे नाव माणसासाठी आहे, पुढे हा क्लास वाचणाऱ्या सहकाऱ्यासाठी. मला ते नाव आवडते. पण त्याच्यावर मुलाखतीत दहा मिनिटे घालवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांचे पाठांतर तेवढे वाढवले आहे.

आता माझ्या मुख्य मताकडे येतो. चिठ्ठीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो यादी लपवण्याला.

@ऑटोवायर्ड तीन ठिकाणी लावता येते : कन्स्ट्रक्टरवर, सेटरवर किंवा सरळ फील्डवर. आपल्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांत जवळजवळ सर्वत्र ते फील्डवर असते, कारण ते एका ओळीत भागते. पण त्यात होते काय? आचारी यादी देतच नाही. तो रिकाम्या हाताने येतो, आणि कोणीतरी मागच्या दाराने येऊन त्याच्या पिशवीत सामान टाकून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला त्याच्या गरजा कळत नाहीत. त्याची परीक्षा घ्यावयाची तर पिशवी उसवून आत हात घालावा लागतो. शिवाय ते फील्ड ‘फायनल’ करता येत नाही, म्हणजे सामान मध्येच कोणी बदलणार नाही याची हमी गेली.

यादीचा आणखी एक उपयोग आहे, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. यादी लांबली की ती डोळ्यांत खुपते. ज्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला अकरा गोष्टी लागतात त्याच्याकडे पाहताच कळते की या गृहस्थाने नको इतकी कामे अंगावर घेतली आहेत. याचे दोन क्लास करावेत. तेच अकरा @ऑटोवायर्ड फील्डे असली की ती एकाखाली एक सुबक बसतात आणि कोणाला काही वाटत नाही. बारावे फील्ड टाकताना तर अजिबात नाही.

स्वतः स्प्रिंगही याच बाजूला सरकत गेले आहे. त्याच्या अधिकृत मार्गदर्शनात आवश्यक गोष्टी कन्स्ट्रक्टरमधूनच घ्याव्यात असे सांगितले आहे. 2016 च्या 4.3 आवृत्तीपासून क्लासला एकच कन्स्ट्रक्टर असेल तर त्यावर @ऑटोवायर्ड लिहिण्याचीही गरज उरली नाही. गोल फिरणाऱ्या गरजांचे उदाहरण याहून बोलके आहे. देवघेवीला दंड लागतो आणि दंडाला देवघेव, अशी स्थिती असेल तर कन्स्ट्रक्टरने ती मुळीच जमत नाही; आधी कोणाला जन्म द्यावा? फील्डवर @ऑटोवायर्ड असले की स्प्रिंग अर्धवट झालेले ऑब्जेक्ट पुढे करून वेळ मारून नेत असे, आणि रचनेतला दोष वर्षानुवर्षे झाकलेला राही. नोव्हेंबर 2021 च्या स्प्रिंग बूट 2.6 पासून असे गोल मूळ मांडणीतच अमान्य झाले. मुद्दाम परवानगी लिहून दिली तरच ते चालतात. बऱ्याच जुन्या प्रकल्पांना त्या दिवशी प्रथमच कळले असेल की आपल्या घरात असा गोल आहे.

आपल्या गावाला साजेसे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. समजा, ग्रंथालयाने मुदत संपल्याची पत्रे मराठीत आणि कन्नडमध्ये पाठवावयाचे ठरवले. ‘पत्रलेखक’ हा एक इंटरफेस, आणि तो पुरा करणारे दोन क्लास : मराठी पत्रलेखक आणि कन्नड पत्रलेखक. दोहोंवर @कॉम्पोनंट. देवघेवीने मागणी केली, ‘मला एक पत्रलेखक द्या.’ प्रोग्राम सुरू करा. तो सुरू होणार नाही. कंटेनर म्हणेल, एक मागितला, सापडले दोन. मी निवड करणार नाही. मला हा त्याचा प्रामाणिकपणा वाटतो. अंदाजाने एकाला पुढे करण्यापेक्षा दारातच थांबणे बरे.

आता मार्ग काय? एकावर @प्रायमरी लावता येते. म्हणजे विशेष न सांगता मागितले तर हाच द्यावा. पण बेळगावात @प्रायमरी कोणत्या भाषेवर लावावयाचे हा प्रश्न मी तरी संपादक मंडळाच्या बैठकीत काढणार नाही! दुसरा मार्ग @क्वालिफायर : मागतानाच नाव घेऊन मागणे. तिसरा मार्ग पुष्कळांच्या हातून नकळत घडतो आणि तो मला धोक्याचा वाटतो. फील्डचे नावच ‘मराठीपत्रलेखक’ ठेवले तर दोघांत ज्याचे नाव जुळते तो स्प्रिंग देतो. चालते ठीक. पण सहा महिन्यांनी कोणी सहज म्हणून फील्डचे नाव सुटसुटीत केले की प्रोग्राम बंद. नाव बदलण्यासारख्या निरुपद्रवी कामाने प्रोग्राम मोडतो हे कोणाच्या ध्यानीमनी नसते.

खरे उत्तर चौथे आहे. देवघेवीने एक पत्रलेखक मागूच नये. स्प्रिंगजवळ त्या इंटरफेसचे सर्व क्लास नावानिशी ‘मॅप’मध्ये मागता येतात. दोघेही घ्यावेत आणि सभासदाने नोंदवलेली भाषा पाहून योग्य त्याला काम सांगावे. उद्या कोकणी पत्रलेखक आला तर एक क्लास वाढेल, त्यावर चिठ्ठी लागेल, आणि देवघेवीतली एक ओळही बदलणार नाही. येथे ॲनोटेशनची सोय मनापासून पटते. वहीतल्या यादीत जाऊन कोणाला काही लिहावे लागत नाही.

कन्नड विभागातला माझा एक मित्र म्हणतो, ‘तुझे सगळे खरे, पण वेळ कोणाला आहे? सत्र चार महिन्यांचे. कंपनीत कोणी हाताने जोडणी करीत नाही. मग मुलांना जुना रस्ता कशाला दाखवावयाचा?’ यातले पहिले मी मान्य करतो, वेळ खरोखरच कमी आहे. पण कन्स्ट्रक्टर लिहावयास आता वेळ लागत नाही. संपादक-प्रोग्राम तो एका कळीसरशी लिहून देतो. आणि कंपनीत हाताने जोडणी करीत नाहीत हे खरे असले तरी, जोडणी फसल्यावर तिचे कारण शोधणे हे कंपनीत हातानेच करावे लागते. तिथे पाठ केलेल्या चार ओळी उपयोगी पडत नाहीत. उलट टोकाला जाऊन ‘फ्रेमवर्कच नको’ म्हणणारेही भेटतात. त्यांनी दोनशे क्लासांचा प्रोग्राम एकदा हाताने जोडून पाहावा, मग बोलू.

विभागातील गुरुजनांना माझी एक सूचना आहे. जावाच्या प्रात्यक्षिकांत स्प्रिंगपूर्वी फक्त दोन तास राखून ठेवावेत. पहिल्या तासाला याच ग्रंथालयाचा चार-पाच क्लासांचा प्रोग्राम घ्यावा. प्रत्येक क्लासने आपली यादी कन्स्ट्रक्टरमध्ये द्यावी, आणि विद्यार्थ्याने ‘मेन’मध्ये बसून स्वतः यजमान व्हावे. आधी सभासदनोंद करा, मग पुस्तकनोंद, मग दंड, आणि शेवटी तिन्ही हातात देऊन देवघेव. क्रम चुकला की कंपायलरच अडवेल. दुसऱ्या तासाला त्याच क्लासांवर चिठ्ठ्या लावाव्यात आणि ‘मेन’मधल्या जोडणीच्या सर्व ओळी पुसून टाकाव्यात. आपण पुसलेले काम कोण करू लागले हे मग सांगावे लागत नाही. आणि तोंडी परीक्षेत @सर्व्हिसचा फरक विचारण्याऐवजी एखादी चिठ्ठी काढून प्रोग्राम चालू करावा, आलेल्या लाल ओळी विद्यार्थ्यापुढे ठेवाव्यात आणि त्यांचा अर्थ त्याला मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्याला जी भाषा जवळची असेल तीत, सांगू द्यावा.